पाण्याची सावली

१

मोरिवाकींच्या घरात पाऊल टाकलं आणि मला दातांच्या डॉक्टरची आठवण झाली. घरभर लवंगेच्या तेलाचा वास होता.

ते घर मला नवं नव्हतं. माझं लहानपण ओसाफुनेतच गेलं आणि शाळेची वाट त्यांच्या दारावरून जायची. मोरिवाकी तेत्सुझो जुन्या तलवारींना उजळा द्यायचे. त्या घराला कायम एकच वास असायचा, ओल्या दगडाचा. लवंगेचा कधीच नाही.

"इसोगाईसाहेब, इकडे," हवालदाराने हाक मारली.

कामाच्या खोलीत, उतरत्या फळीवर, बुटक्या बैठकीशेजारी म्हातारा उताणा पडला होता. डोकं दगडी कुंडाला लागलेलं, कुंडाच्या कडेवर रक्त. बादली कलंडून पाणी सगळीकडे पसरलं होतं. दोन्ही हातांवर मनगटापर्यंत राखाडी गाळ वाळून बसला होता, दगडावर पोलाद घासताना निघतो तो. म्हणजे माणूस कामावरून उठला असेल-नसेल, तेवढ्यात पडला.

त्यांची मुलगी सुमिए दाराशी बसून होती. सकाळी ओकायामाला कागद आणायला गेली होती. संध्याकाळच्या गाडीने परतली, तर दार सताड उघडं आणि आत हे.

डॉक्टर हात धूत म्हणाले, "दुपारची गोष्ट आहे. डोक्याला मागून मार. पण लगेच गेले नाहीत हां. तासभर तरी धुगधुगी असणार. मला कुणी फोन केला असता, तर कदाचित वाचलेही असते."

फोन बाहेरच्या पडवीत होता. पडल्या जागेवरून दिसत होता.

"घसरले असतील," हवालदार म्हणाला. "फळी ओली, त्यात हे वय."

मीही तेच म्हणणार होतो. तेवढ्यात भिंतीकडच्या घडवंचीवर नजर गेली. पांढऱ्या लाकडाच्या साध्या म्यानात एक तलवार व्यवस्थित ठेवलेली होती. मी रुमालाने धरून ती थोडी उपसली. पातं कोरडं होतं. तेल लावलेलं. लवंगेचा वास तिथूनच येत होता.

मेलेल्या माणसाचे हात गाळाने भरलेले, आणि त्याच्या हातातलं पातं मात्र पुसून, तेल लावून, म्यानात.

"घसरले नाहीत," मी म्हणालो. "इथे दुसरं कुणीतरी होतं. आणि त्याला पळायची घाई नव्हती."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीच तलवार सुमिएसमोर ठेवली. तिची पंचेचाळिशी उलटली होती. वडिलांना लागणाऱ्या दगडांच्या पातळ कपच्या घासून, मागून कागद चिकटवून तयार करायचं काम तिचं. बोटांची टोकं झिजून गुळगुळीत झाली होती.

"कोणाची ही?" मी विचारलं.

"त्सुनाशिमांची. साकेवाले त्सुनाशिमा. वसंतातल्या जत्रेत देवळाला अर्पण करणार आहेत. गावभर कागद लावलेत की त्यांनी."

ते कागद मी पाहिले होते. 'ओसाफुनेच्या आद्य उस्तादाची तलवार' असं त्यावर ठळक अक्षरांत होतं.

"पण हिच्यावर सही नाही म्हणतात ना?"

"पूर्वी लांब होती. कुणीतरी मुठीच्या बाजूने कापून आखूड केली. सही त्या तुकड्याबरोबर गेली." तिने म्यानावरून हात फिरवला. "बिनसहीची तलवार पोलादावरून ओळखायची, साहेब. पोत बघायचा, धारेलगतची पांढरी लाट बघायची. मियाओका सेन्सेईंनी तरुणपणी ओळखली ही. मग तिच्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून तलवारींच्या बाबतीत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही."

तिने वाकून नमस्कार केला, तलवार उपसली, खिडकीकडे धरली. आणि थबकली.

"हे कोणी केलं?"

"काय?"

"पूड. ही बघा ना, खाचेत कण राहिलेत." तिचा आवाज चढला. "तलवारी जमवणारे लोक रेशमी पुरचुंडीत दगडाची पूड ठेवतात. पात्यावर थोपटायची, पुसायची, मग तेल. बाबांना त्या पुडीचा संताप होता. एका गिऱ्हाइकाची पुरचुंडी त्यांनी चुलीत घातली होती. म्हणायचे, मी महिनाभर जीव ओतायचा आणि यांनी त्यावर वाळू चोळायची!"

"तुमच्याकडे अशी पुरचुंडी नाहीच?"

"नाही हो. आणि दुसरं म्हणजे, अर्ध्या कामाचं पातं आम्ही म्यानात घालतच नाही. गाळाचा एक कण आत राहिला तरी दर खेपेला ओरखडा उठतो. कापडात गुंडाळून ठेवतो आम्ही."

"म्हणजे हे तुमच्या धंद्यातल्या माणसाचं काम नव्हे."

"नव्हे. पण तलवारीवर जीव असलेल्या माणसाचं आहे." ती हळूहळू बोलत होती, जणू स्वतःलाच समजावत होती. "पातं ओलं राहिलं की लगेच गंज धरतं. त्याला तो धरू द्यायचा नव्हता."

पुढे ती काहीतरी विचारणार होती. ओठ हलले, पण विचारलं नाही.

"तोकुजी कुठाय?" मी विचारलं. तोकुजी हा मोरिवाकींचा एकुलता एक शागीर्द, याच घरात राहून शिकलेला.

पुरावा म्हणून होतं तसंच तिने पातं पुन्हा म्यानात घातलं. बराच वेळ लावला त्याला.

"बाबा गेले त्याच्या आदल्या दिवसापासून नाहीये तो," ती म्हणाली. "दोघांचं भांडण झालं होतं."

३

भांडण अख्ख्या गावाने ऐकलं होतं, कारण ते उदोनच्या दुकानात झालं.

"मुस्कटात मारली हो सगळ्यांसमोर!" दुकानवाली शेवयांवर रस्सा ओतता ओतता सांगत होती. "म्हणाले, खोटं बोलायला मी तुला शिकवलं नाही. आता तिशीतला बाप्या तो, लहान आहे का? वाडगा तसाच टाकून उठला. आणि जाता जाता काय म्हणाला माहितीय? 'मरा मग त्या दगडावर!' हे असं. देवाशप्पथ."

ठाण्यात साहेबांनी हे ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "झालं की मग! शोध त्याला आणि घाल आत."

"साहेब, पण पूड—"

"पूड, पूड! माणूस मेलाय आणि तू पावडर घेऊन बसलायस."

पण ती पूड माझ्या डोक्यातून जाईना. तोकुजीने रागाच्या भरात गुरूला ढकललंही असेल. पण गुरूला ज्या गोष्टीचा संताप, ती पुरचुंडी तो आणेल कुठून, आणि वापरेल कशाला? त्या तलवारीभोवती आणखी दोनच माणसं होती. मी आधी त्यांच्याकडे गेलो.

त्सुनाशिमांची भट्टी तांदळाच्या दारूची, साकेची. थंडीचा हंगाम जोरात होता. शिजत्या तांदळाच्या वाफेतून ते बाहेर आले, लालबुंद, धिप्पाड, कपाळ पुसत.

"तलवार कधी मिळणार ते सांगा आधी," ते म्हणाले. "म्हातारा गेला, वाईट झालं, मी हारही पाठवलाय. पण जत्रा काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

"त्या दुपारी कुठे होतात?"

"नदीकाठी. डॉक्टरने रक्तात साखर सांगितलीय, चालायला लावलंय. एकटाच होतो. कुत्रंसुद्धा नव्हतं सोबत. पुढे?"

"मोरिवाकींकडे शेवटचे कधी गेला होतात?"

त्यांचा चेहरा आणखी लाल झाला. "आधीच्या आठवड्यात. दारातूनच हाकललं मला! माझी तलवार, आणि मलाच दाखवेना. म्हणे, अजून थोडे दिवस त्या तलवारीचं नाव काढू नका, आणि ते भिंतीवरचे कागद उतरवता आले तर उतरवा. याला काय अर्थ आहे?"

घरात त्यांनी मला आपली लाखेची पेटी दाखवली. तेलाची कुपी, मऊ कागद आणि रेशमी पुरचुंडी. सगळं कोरं करकरीत.

मियाओकांना सगळे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत; ते ओकायामात राहत. सत्तरी पार केलेले, काटकुळे, अतिशय मृदू बोलणारे. त्यांनी स्वतः चहा केला. भिंत दिसू नये इतकी पुस्तकं होती.

"मोरिवाकींसारखा हात आता होणार नाही," ते म्हणाले आणि खरोखरच त्यांचे डोळे भरून आले.

"ती तलवार तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?"

"शरदात. त्यांच्याकडे सोपवण्यापूर्वी निरोप घेतला तिचा. त्यानंतर नाही."

"आणि त्या दुपारी?"

"इथेच, वाचत होतो. बायको गेल्यापासून माझ्या असण्या-नसण्याला साक्षीदार उरलेला नाही, इसोगाई-सान." ते किंचित हसले. "एक विनंती करू? अर्धवट पातं असं पडू देऊ नका. हिमेजीला माझ्या ओळखीचा कारागीर आहे. त्याच्याकडे पाठवा. लवकर पाठवा."

मी विचारतो म्हणालो. निघताना पुडीचं विचारलं.

"पुरचुंडी ना? असते की," ते शांतपणे म्हणाले. "तलवारी पाहणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत असते."

दोघांकडे पूड. दोघेही एकटे. आणि दोघांनाही तलवार माझ्या ताब्यातून हवी होती. ठाण्यात परतलो, तर टेबलावर निरोप होता. तोकुजीचा ठावठिकाणा लागला होता.

४

तो हिनासेच्या बंदरात, भावाच्या शेडमध्ये कालवं फोडत बसला होता. आजूबाजूला शिंपल्यांचे ढीग, रबरी एप्रन घातलेल्या बायका, कोपऱ्यात रॉकेलची शेगडी.

मला पाहून त्याने मान वर केली. पोलीस आहे हे त्याने ओळखलं नाही.

"मालकांनी पाठवलं का?" तो म्हणाला. "सांगा त्यांना, येतोय. माफी मागायची आहे मला. थोडी कालवंही घेऊन येतो, त्यांना आवडतात."

"तोकुजी, मालक गेले."

त्याच्या हातातला बोथट सुरा शिंपल्यावरून सटकला आणि तळहातात घुसला. त्याचं लक्षच नव्हतं. शेजारच्या बाईने ओरडून फडकं गुंडाळलं, तेव्हा तो आपल्या हाताकडे दुसऱ्याचा असल्यासारखा बघत राहिला.

"कसे?"

मी सांगितलं. लवंगेचा वास, पूड, म्यान, सगळं. त्याने पडवीतल्या फोनचं ऐकलं तेव्हा तोंड फिरवलं. बाहेर होड्या एकमेकींवर आपटत होत्या.

"भांडण कशावरून झालं?" मी विचारलं.

"सावलीवरून."

"कसली सावली?"

त्याने शिंपल्याच्या टोकाने ओल्या जमिनीवर एक लांब पातं काढलं. मग मुठीजवळ एक तिरकी रेघ ओढली.

"घर जळलं आणि तलवार आगीत सापडली, की तिचं पाणी जातं, साहेब. पोलाद मऊ पडतं, लाट पुसली जाते. मेलीच ती. मग कुणीतरी तिला पुन्हा तापवतं, पुन्हा पाणी पाजतं, नवी लाट आणतं. विकायला बरी दिसते. पण ते दुसरं पाणी खूण ठेवून जातं. मुठीतून पातं बाहेर येतं ना, तिथेच. धुक्यासारखी तिरकी पट्टी. पाण्याची सावली म्हणतात तिला."

"ती या तलवारीवर आहे?"

"जुन्या उजळ्याखाली नव्हती दिसत. कधीकाळी कुणा उस्ताद माणसाने झाकली असणार. आम्ही तो उजळा काढला, बारीक दगडावर आलो, आणि मालकांचा हात थांबला. मला म्हणाले, तू बघ. मी बघितलं. सावलीच होती ती."

मला आता कळू लागलं. "म्हणजे सेन्सेईंनी जी लाट पाहून उस्ताद ओळखला..."

"ती त्या उस्तादाची नाहीच. त्याच्यानंतर कित्येक पिढ्यांनी आलेल्या कुणातरी लोहाराची आहे." त्याने जमिनीवरचं चित्र पायाने पुसलं. "मी म्हटलं, झाकून टाकू. आपल्याला येतं. कशाला थोरामोठ्यांशी वाकडं घ्यायचं? त्यावर मारलं मला. म्हणाले, मी सांगणार. पण आधी एका माणसाला खासगीत सांगणार. त्याच्या तोंडून गावाला कळू दे. एवढा मान त्याला द्यायला हवा."

"कोणाला?"

तोकुजीने मान हलवली. "नाव घेतलं नाही. घ्यायच्या आत मी उठलो होतो."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्सुनाशिमांच्या बैठकीत मी तलवार नेली. खिडकीतून उत्तरेचा स्वच्छ उजेड येत होता. सुमिए आणि हाताला पट्टी बांधलेला तोकुजी कोपऱ्यात बसले. त्यांना मी काही झालं तरी तोंड उघडायचं नाही असं बजावलं होतं. सेन्सेईंना बाहेर पडवीत बसायला सांगितलं.

माझा बेत साधा होता. ज्याला सावली पहिल्यांदा दिसेल तो दचकेल. ज्याला आधीच ठाऊक असेल तो दचकायचं सोंग करेल. माणसांची सोंगं ओळखण्यातच माझी सारी नोकरी खर्ची पडली होती.

"देवळात द्यायच्या आधी एकदा नीट पाहून घ्या," मी त्सुनाशिमांना म्हणालो.

ते खूश झाले. नमस्कार करून त्यांनी पातं उपसलं, म्यान बाजूला ठेवलं, डाव्या हातातल्या रुमालावर पात्याचा पुढचा भाग तोलला आणि उजेडाकडे धरून टोकापासून खाली बघत आले. मुठीजवळ आल्यावर भुवया जुळल्या.

"हे काय? धुकं कसलं हे? ओल लागली का?" ते एकदम सुमिएवर उसळले. "अहो, काय करून ठेवलंय तुमच्या वडिलांनी? एवढ्या मोलाची वस्तू! तरीच मला दाखवत नव्हते!"

सुमिएने ओठ घट्ट मिटले. मी तलवार परत घेतली आणि त्यांना बाजूला बसवलं. ते पुटपुटतच राहिले.

मग सेन्सेईंना आत बोलावलं.

ते आले, गुडघ्यांवर बसले, तलवारीला इतका खोल नमस्कार केला की कपाळ चटईला टेकलं. छातीच्या खिशातून जांभळा रेशमी रुमाल काढला. आणि तलवार उपसायच्या आधी, म्यान अजून बंद असतानाच, त्यांनी तो रुमाल मुठीच्या वरच्या टोकाला गुंडाळला. अगदी सहज. पातं बाहेर सरकलं तसा रुमालाचा घोळ पात्याच्या मुठीलगतच्या तीन बोटं रुंद भागावर पडला आणि वर त्यांचा डावा हात आला. ती जागा कुणालाही दिसली नाही. त्यांनाही नाही.

टोकापासून ते खाली बघत आले. फार वेळ, फार प्रेमाने. रुमालापाशी नजर थांबली.

"सुंदर," ते म्हणाले. "मोरिवाकींचं शेवटचं काम. आद्य उस्तादाचीच लाट. शंकाच नाही."

दचकणं नाही, सोंगही नाही. क्षणभर मला वाटलं, बेत फसला. मग मी सुमिएकडे पाहिलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती, आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

६

"सेन्सेई," मी म्हणालो, "रुमाल जरा काढता का?"

त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

"मला तलवारीतलं काही कळत नाही. पण आत्ताच त्सुनाशिमा-सान बघत होते. त्यांनी रुमाल टोकाकडे, पात्याखाली धरला होता. तसाच धरतात ना?"

"तसाच धरतात," सुमिए म्हणाली. माझी ताकीद तिने मोडली होती. "मुठीशी कुणीच धरत नाही. खरं-खोटं तिथेच तर कळतं. बघणारा सगळ्यात आधी तिथे बघतो."

"आणि तुम्ही तर बघायच्या आधीच ती जागा झाकलीत," मी म्हणालो. "म्यान बंद होतं तेव्हाच. म्हणजे तिथे काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. पण शरदात ते दिसत नव्हतं, जुन्या उजळ्याखाली होतं. ते दिसायला लागलं मोरिवाकी जायच्या थोडेच दिवस आधी. तुम्ही शरदानंतर ही तलवार पाहिलेली नाही म्हणता. मग तुम्हाला कळलं कसं?"

त्सुनाशिमांचं तोंड उघडं पडलं.

"फोनवरही सांगितलं असेल कुणी," सेन्सेई शेवटी म्हणाले. स्वतःलाही न पटणारं काहीतरी बोलावं तसं.

"सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी तुम्ही मला म्हणाला असतात, की मोरिवाकींनी मला असं असं कळवलं होतं. लपवायचं तुम्हाला काय कारण? आणि हिमेजीच्या कारागिराची एवढी घाई का? तो तुमच्या शब्दातला. त्याने ती पट्टी पुन्हा झाकली असती. म्हणूनच तुम्ही तलवार चोरली नाहीत. ती जागेवर राहिलेलीच तुमच्या सोयीची होती."

सेन्सेईंनी रुमाल उचलला. तिरकी, दुधट पट्टी उजेडात आली. ते तिच्याकडे बघत राहिले. एखाद्या आजारी माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं तसे.

"तो म्हणाला, तुम्हीच सांगा लोकांना," ते बोलू लागले. "तुमच्या तोंडी शोभेल म्हणाला. शोभेल! या लाटेवर मी जन्मभर शिकवलं. पोरांना हिची चित्रं पाठ करायला लावली. माझ्या शब्दावर लोकांनी शेकडो तलवारींना नावं दिली. हिच्या मापाने मापली मी प्रत्येक तलवार. ही खोटी, तर ती सगळी नावं कशावर उभी आहेत?"

"म्हणून ढकललंत."

"मी हात जोडले होते त्याच्यासमोर. झाकून टाक म्हटलं. तो नुसता 'नाही' म्हणाला आणि पुन्हा कामाला बसायला लागला. जणू मी तिथे नव्हतोच." त्यांनी पातं म्यानात सरकवलं, अलगद, आवाज न होऊ देता. "छातीवर हात मारला मी. एकदाच. तो मागे गेला."

"मोरिवाकी तेव्हा जिवंत होते."

"हो."

"तुम्हाला कळलं होतं?"

"घरघर ऐकू येत होती."

"फोन समोर दिसत होता, सेन्सेई."

ते माझ्याकडे पाहत राहिले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर खरं आश्चर्य आलं. मला एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही, असं.

"पण पातं ओलं होतं," ते म्हणाले.

७

खटला संपता संपता पुढचा शरद आला. सेन्सेईंनी न्यायालयात काही नाकारलं नाही.

तलवार त्सुनाशिमांना परत मिळाली. त्यांनी भिंतीवरचे कागद केव्हाच फाडले होते. टोकियोहून आलेल्या दोन जाणकारांनी ती पाहिली आणि लिहून दिलं: सही नाही, आगीनंतर पुन्हा पाणी दिलेली, घडवणारा अज्ञात. त्सुनाशिमांना ती आता घरातही नको होती. "मोडीत तरी कोण घेणार?" ते म्हणाले. पण उजळा अर्धा राहिला होता. तो पुरा करायला त्यांनी ती तोकुजीकडे टाकली आणि पुन्हा चौकशी केली नाही.

एका दुपारी मी त्या घरी गेलो. तोकुजी आत दगडावर बसला होता. तो ती पट्टी झाकत नव्हता, उलट मोकळी करत होता. घरात ओल्या दगडाचा वास होता. सुमिए पडवीत कपच्या घासत होती. तिने मला चहा दिला आणि पुन्हा कामाला लागली.

"साहेब, एक विचारायचं राहिलंय," ती वर न बघता म्हणाली. "न्यायालयात कुणी विचारलं नाही. बाबा पडल्यावर त्याने आधी कशाकडे पाहिलं? बाबांकडे की पात्याकडे?"

खोटं बोलता आलं असतं. पण कपची घासणारे ते हात पाहून मला ते जमलं नाही.

"पात्याकडे," मी म्हणालो.

तिने मान हलवली.

"आई ओकायामाच्या इस्पितळात होती," थोड्या वेळाने ती बोलू लागली. "एका दुपारी फोन आला, लगेच या म्हणून. मी बाबांना सांगितलं. ते इथेच कामावर होते. म्हणाले, पातं ओलं आहे, एवढं पुसून निघू. पुसलं. मग उजेडाकडे धरून बघितलं. एक डाग राहिला होता, पुन्हा पुसलं. मी दारात चपला घालून उभी. गाडी चुकली. पुढच्या गाडीने पोहोचलो, तर आईच्या तोंडावर चादर ओढलेली होती."

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"त्या माणसाचा राग करायला बसते मी रोज," ती म्हणाली. "येतोही. पण डोळे मिटले की पातं पुसताना मला तो दिसत नाही हो. बाबाच दिसतात."

आत दगडाचा आवाज थांबला.

"ताई!" तोकुजीने हाक मारली. "जरा कोरडं कापड आणता का? पातं ओलं आहे."

सुमिएच्या हातातली कपची थांबली. कापडाची घडी तिच्या शेजारीच होती.

"ताई?"

ती जागची हलली नाही.